चौथ्या खांबाचा खोटा दात

मी कवळ्या करते. लोकांना वाटतं दात डॉक्टर बसवतो. डॉक्टर नुसतं "आ करा" म्हणतो. दात मी करते, मागच्या खोलीत, खिडकीशी बसून, आणि कौतुक होतं डॉक्टरचं. माणूस नवीन दात घालून आरशासमोर हसतो, डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरतो, आणि मी भिंतीपलीकडे प्लास्टर कालवत असते. सत्तावीस वर्षं झाली. आता राग येत नाही. म्हणजे येतो, पण दिवसातून एकदाच.

आमचे हे रेल्वेचे पूल तपासतात. त्यातही मुख्य एकच पूल, गावाबाहेरचा, एकोणीस कमानींचा, सगळा दगडी. एकशेतीस वर्षांचा झाला तरी गाड्या त्याच्या अंगाखांद्यावरून धावताहेत. माझी सवत कोण असं कुणी विचारलं तर मी त्या पुलाकडे बोट दाखवते. ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण अकराव्या खांबाला पहिली चीर कुठल्या साली गेली ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

पूल तपासायची ह्यांची पद्धत म्हणजे हातोडी. लांब दांड्याची, छोट्या डोक्याची. दगडावर हळूच मारायची आणि ऐकायचं. धड दगड ठण्ण बोलतो. मागे चुना झिजून पोकळी झाली असेल तर बद्द बोलतो. ह्या दोन आवाजांच्या मध्ये आणखी पंधरा-वीस आवाज असतात म्हणे, ते फक्त ह्यांनाच ऐकू येतात. तानसेन नाही तर कानसेन व्हावं म्हणतात, तर कामावर सगळे ह्यांना कानसेनच म्हणतात. ही सवय घरीही सुटत नाही. दुसऱ्यांच्या घरी गेलो की बोलता बोलता ह्यांची बोटं भिंत वाजवतात. शेजाऱ्यांनी नवी फरशी घातली तेव्हा सगळे वाहवा करत होते आणि हे म्हणाले, "दारापासून सातवी पोकळ आहे." शेजारी महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात सातवी फरशी उचलली गेली, तेव्हा आले बिचारे चहाला.

आता माझं पाप सांगते.

माझी नणंद शाळेत भूगोल शिकवते. तिनं मला जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ सोपा आहे. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. मग बाकीच्यांनी मोबाईल धरून ती शोधायची, आतल्या चिमुकल्या वहीत सही करायची आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. बक्षीस काही नाही. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका फोन नाकासमोर धरून झुडपात शिरतात, अंगाला काटे बोचवून घेतात आणि सापडलं की लहान पोरींसारख्या ओरडतात. ह्यांना वाटायचं आम्ही दर रविवारी फिरायला जातो. खोटं नव्हतं ते.

दोनशेबारा डब्या शोधून झाल्यावर मला वाटायला लागलं की आता आपलीही एक असावी. आणि त्याच सुमारास पुलाच्या चौथ्या खांबावर माझी नजर पडली.

खांबाच्या पायवाटेकडच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, पंजाएवढा एक दगड निखळून पडला होता. ह्यांना माहीत होतं. ह्यांच्या यादीत तो होता, पण किरकोळ म्हणून, गवंडी आला की बसवायचा. गवंडी आठ महिने आला नव्हता. जाता-येता मला ती फट दिसायची आणि माझे हात शिवशिवायचे. अहो, समोरचा एक दात पडलेला माणूस बघितला की मला त्याच्याशी धड बोलता येत नाही, सगळं लक्ष त्या फटीत. इथे तर सवतीचाच दात पडला होता.

एका दुपारी मी दातांचा साचा घ्यायचा मसाला नेऊन त्या फटीचा साचा घेतला आणि खोटा दगड केला. कवळीच्याच प्लास्टिकचा, वरून पुलाखालच्या खडीची भुकटी चिकटवलेली, आतून पोकळ, मागे झाकण. दातांच्या सोळा छटा असतात, त्या दगडाच्या मी नऊ मोजल्या. शेवाळसुद्धा ब्रशनं काढलं. आत पत्र्याची डबी, डबीत वही आणि पेन्सिलीचा तुकडा. फटीत मेण लावून दाबला तर असा बसला की नणंद समोर उभी राहून विचारते, "कुठाय गं वहिनी?"

खेळाचा नियम आहे की रेल्वेच्या पुलाला, खांबाला, रुळाला हात लावायचा नाही. डब्या तपासून मंजुरी देणाऱ्यांना मी लिहिलं, "पुलाजवळच्या पायवाटेवर." जवळ म्हणजे किती जवळ ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खूण म्हणून लिहिलं, "हा दात काढताना दुखत नाही."

दोन महिन्यांत एकतीस जण शोधून गेले. इंटरनेटवर काय काय लिहिलं त्यांनी! "दोन तास समोर उभा होतो, दिसलाच नाही." "हे करणाऱ्याच्या हातांना सलाम." कुणी एक म्हातारे तर फक्त दगड बघायला दुसऱ्यांदा आले होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत ते वाचायचे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कामाचं कौतुक माझ्याच पदरात पडत होतं. त्याची चटक लागली, खोटं कशाला बोलू.

चौथ्या खांबाची तपासणी सहा महिन्यांनी होती. त्याआधी काढून घेऊ असा माझा हिशेब. पण ह्यांच्या ऑफिसात नवीन इंजिनीयर मॅडम आल्या. वय जेमतेम तिशीचं, हुशार, कामाला वाघ. त्यांनी सगळ्या तपासण्या अलीकडे घेतल्या, आणि ते मला कुणी सांगितलं नाही.

त्या बुधवारी हे दुपारीच घरी आले. चहा पुढे केला तर कपाला हात लावेनात.

"काय झालं?"

"चौथ्या खांबात पोकळी आहे."

मी कप खाली ठेवला, हे पुढे सांगत होते.

"बाहेरून कुणीतरी दगड बसवलाय. छान बसवलाय. गवंडी कधी येऊन गेला कुणास ठाऊक, नोंद नाही. पण मागे सगळं रिकामं आहे गं. मारली हातोडी तर ढोल वाजावा तसा आवाज. पाणी शिरून आतला भराव वाहून गेला असणार. कुठपर्यंत गेलाय, देव जाणे. मी गाड्यांचा वेग दहावर आणलाय. उद्या मॅडम मशीन घेऊन येतायत."

तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली, आणि मग ती गाडी पुलावरून जाताना जी खडखड करत राहिली ती संपेचना. एरवी मिनिटभरात पलीकडे जाणारी गाडी वरातीसारखी चालली होती. आत शेकडो माणसं घड्याळं बघत बसली असतील. का, तर माझी एक पत्र्याची डबी!

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण हे म्हणाले, "ज्यानं कुणी हा उद्योग केलाय ना, तो माझ्या हाती लागू दे फक्त," आणि माझं तोंड आपोआप मिटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. मी बाजारात जाते म्हणून निघाले ती थेट नणंदेकडे.

"दादाला सांगितलंस तर तो तुला घराबाहेर काढेल," ती म्हणाली, "आणि मला परत दारात उभं करणार नाही."

"मग काय करू?"

"साचा आहे ना तुझ्याकडे? भरीव दगड कर. सकाळी जाऊन बदलून टाक. ठोकला की ठण्ण बोलेल, पूल ठणठणीत, गाड्या सुसाट. झालं."

ऐकायला किती छान वाटलं! आम्ही दोघी शिकल्या-सवरलेल्या बायका, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही की पूल ठणठणीत निघाला तर खोटं कोण पडेल. संध्याकाळी मी प्लास्टर आणि खडी कालवून भरीव दगड ओतला. सकाळी फिरायच्या निमित्तानं गेलो, नणंद पायवाटेवर राखणीला उभी राहिली, आणि मी जुना काढून नवा ठोकून बसवला. पाच मिनिटांचं काम. येताना आम्ही हसत होतो, आज आठवलं की लाज वाटते.

त्या दिवशी हे घरी आले ते पाय ओढत. काय झालं ते मला आधी मुकादमाकडून कळलं. तो ह्यांची पिशवी पोचवायला आला होता, ह्यांनी ती पुलाखालीच विसरली होती. पिशवी विसरणारा माणूस नव्हे हा.

"वहिनी, मॅडमनी ठोकून बघितलं, मी ठोकून बघितलं. धड. मशीन लावलं, मशीनही म्हणालं धड. साहेबांनी स्वतः दहादा ठोकलं. मग काही बोललेच नाहीत."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या म्हणे, "काका, वयाप्रमाणे होतं असं. सोमवारी कान तपासून घ्या. तोपर्यंत भांडारात बसा." चार वर्षं नोकरी उरलेल्या माणसाला भांडारात, नटबोल्टच्या खोक्यांसमोर.

त्यानंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. ह्यांनी घरात काहीसुद्धा वाजवलं नाही. ना भिंत, ना टेबल, ना माझं डोकं. बाजारात कलिंगड घेतलं ते नुसतं बघून. मी बोलले की माझ्या ओठांकडे बघायचे, पूर्वी कधी बघत नव्हते. शनिवारी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "नळ गळतोय का गं? की मलाच वाटतंय?"

नळ गळत होता. टपटप, टपटप, बहिऱ्यालाही ऐकू यावा असा.

"गळतोय," मी म्हटलं.

"तू माझं मन राखायला म्हणतेस," हे म्हणाले आणि आत गेले.

मी नळ बंद करायला गेले आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. माझा स्वतःचाच इतका संताप आला की भांडं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही, म्हटलं ह्यांना पुन्हा वाटायचं, आवाज झाला की नाही.

रविवारी हे दिवसभर पत्र लिहीत बसले. चार कागद फाडले. पाचवा पूर्ण केला आणि माझ्यासमोर धरला. "भाषा बघ जरा," म्हणाले. मी वाचलं. मॅडमना लिहिलं होतं की माझा कान कधीपासून बिघडलाय हे मला सांगता येत नाही. तरी गेल्या पाच वर्षांत मी जे जे दगड चांगले म्हणून सोडले ते सगळे पुन्हा तपासावेत. माझ्या शब्दावर एकही गाडी सोडू नये.

"पाच वर्षांचं काम असं पाण्यात घालायचं?" माझा आवाज चिरकला.

"वर माणसं असतात गं गाडीत," हे म्हणाले. "उद्या सकाळी देतो."

नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, थोडे दिवस जाऊ देत, विसरतील सगळे." मी म्हटलं, "सगळे विसरतील गं. तुझा दादा नाही विसरणार. तो आयुष्यभर नळाचा आवाज विचारत फिरेल." ती मग म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." मी नको म्हटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ही आग मीच लावली होती.

तसं घरीच सांगता आलं असतं ह्यांना. पण घरी सांगितलं असतं तर ह्यांनी मला वाचवण्यासाठी ते तिथेच गिळलं असतं आणि पत्र तरीही दिलं असतं. ओळखते मी ह्यांना. म्हणून सोमवारी सकाळी हे निघाल्यावर दहा मिनिटांनी मी तो पोकळ दगड पिशवीत घातला आणि मागोमाग निघाले.

मॅडमच्या खोलीत हे टेबलासमोर उभे होते. पत्र मॅडमच्या हातात होतं, त्या वाचत होत्या. मुकादम दारात होता. मी सरळ आत गेले, दगड काढला आणि टेबलावर ठेवला.

"बुधवारी चौथ्या खांबात हा होता," मी म्हटलं. "गुरुवारी सकाळी मी बदलला. ह्यांनी ऐकलं ते खरं होतं."

एका दमात सगळं सांगून टाकलं. डबी, साचा, नऊ छटा, एकतीस माणसं, भरीव दगड. ह्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, मी पेपरवेटकडे बघून बोलत होते. मग ह्यांनी पुढे होऊन तो दगड उचलला, कानाजवळ नेला आणि बोटाच्या पेरानं ठोकला. बद्द. पुन्हा ठोकला. आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले.

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "काकू, म्हणजे तीन दिवस माझे वरिष्ठ मला फोनवर झापतायत ते ह्या... डबीसाठी?"

"हो."

"एकशे सोळा गाड्या लेट झाल्या!"

"मला काय हवी ती शिक्षा करा. पण ह्यांना भांडारातून काढा."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. वाईट नव्हती हो पोरगी. ती म्हणाली, "काकू, तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण बायको नवऱ्यासाठी काहीही सांगेल. आणि दगड खोटा होता असं धरलं, तरी त्यांनी ते ऐकलं की नवा दगड दिसला म्हणून अंदाज केला, ते मला कसं कळणार?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "मॅडमचं बरोबर आहे. परीक्षा घ्या माझी. मलाच हवी आहे."

मग आमची वरात पुलाखाली गेली. मॅडम, मुकादम, त्याची चार माणसं, हे आणि पिशवी घेऊन मी. मी कवळी कोरायचं हत्यार घालून तो भरीव दगड सोडवला. मुकादमानं विचारलं, "वहिनी, दुखलं का त्याला?" सगळे हसले. हे हसले नाहीत. हे पायवाटेच्या पलीकडे वीस पावलांवर जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. हातोडी मॅडमनी घेतली. मुकादमाच्या माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि खरंच, ती माणसं ह्यांच्यासाठी खोकून इशारे द्यायला कमी करणार नव्हती.

मी पोकळ दगड बसवला. मॅडम ठोकायला लागल्या.

"मॅडम, दगड आहे, दार नव्हे," हे पाठमोरेच ओरडले. "मनगट सैल सोडा. दांडा टोकाला धरा."

मॅडमनी दांडा टोकाला धरला. आता बरोबर ठोकलं.

"चांगला," हे म्हणाले. "चांगला. चांगला, पण खालचा सांधा झिजलाय, लिहून ठेवा. चांगला. हा पोकळ."

मॅडमनी मला खुणेनं दगड बदलायला सांगितला. मी श्वास रोखून भरीव बसवला. पाचोळ्यावर पाऊल पडू नये म्हणून चप्पल काढून ठेवली होती. मॅडमनी आधी दुसरेच दोन दगड वाजवले, मग हा वाजवला.

हे जरा थांबले.

"भरीव आहे," हे म्हणाले. "पण परका आहे. पुलाचा नाही हा. गुरुवारीही परकाच वाटला होता मला."

"मग गुरुवारी बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"सगळे धड म्हणत होते. मशीन धड म्हणत होतं. मला वाटलं, माझाच कान परका झाला."

मुकादम दुसरीकडे बघायला लागला.

मॅडमनी खुणेनंच पुन्हा पोकळ दगड बसवायला सांगितला, पण ह्या वेळी तो माझ्या हातातून घेतला, मागचं झाकण उघडलं, आतली पत्र्याची डबी अलगद काढून घेतली आणि मग रिकामा दगड माझ्या हातात दिला. मी डोळे वटारले. हा काय न्याय झाला? पोकळ तो पोकळ, डबी असो की नसो! पण बोलायची सोय नव्हती. मी दगड बसवला. मॅडमनी ठोकला.

"पोकळ," हे म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. पुरे, असं त्या म्हणणार तोच हे पुढे म्हणाले, "थांबा. परत मारा."

मॅडमनी परत मारला.

"मघाशी आत पत्र्याचं काहीतरी होतं. आता नाहीये. काढलंत तुम्ही ते."

मॅडम डबी पाठीमागे धरून उभ्या होत्या, शाळेत कॉपी पकडल्यावर पोर उभं राहतं तशा. मुकादमानं एक आरोळी ठोकली आणि त्याच्या चारही माणसांनी टाळ्या पिटल्या. "कानसेन! कानसेन!" हे वळले. मॅडम पायवाट ओलांडून ह्यांच्यासमोर गेल्या, पर्समधून ते पत्र काढलं आणि ह्यांच्या हातात परत दिलं.

"हे मला मिळालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. आणि मनगट सैल सोडायचं ते मला शिकवा. मशीनला ह्यातलं निम्मंही कळलं नसतं."

मला मात्र सोडलं नाही. रेल्वेच्या पुलाला हात लावल्याबद्दल माझ्याकडून दोन पानी माफीपत्र लिहून घेतलं, आणि डबी इंटरनेटवरून कायमची उतरवायला लावली. तिथल्या तिथे, मॅडमच्या समोर, मी फोनवर ते केलं. एकतीस जणांनी लिहिलेलं सगळं एका बोटानं गेलं. दुखलं मला, नाही म्हणत नाही. गवंडी त्याच दुपारी आला. आठ महिने न आलेला माणूस तासाभरात हजर!

घरी परतताना पुलाखालून आम्ही दोघंच होतो. आणि मग ह्यांनी सुरुवात केली. देवा रे देवा! "माझ्या पुलाला हात लावतेस? माझ्या? एकशेतीस वर्षांत कुणाची छाती झाली नाही, आणि माझ्या घरातून, माझ्या बायकोनं, मेण लावून?" पहिल्या खांबापासून सहाव्या खांबापर्यंत ह्यांचा आवाज कमानींत घुमत होता. बहिणीचाही उद्धार झाला. भूगोलाचाही झाला. वरून गाडी सुसाट गेली तरी हे थांबले नाहीत, आवाज आणखी चढवला इतकंच.

मी चुपचाप ऐकत चालले होते.

"काहीतरी बोल!" हे शेवटी ओरडले. "तोंड शिवलंय का?"

"तुम्ही बोला," मी म्हटलं. "आणखी बोला. तीन दिवस तुम्ही माझ्यावर ओरडला नव्हतात. मला घर खायला उठत होतं."

हे एकदम थांबले. हातोडी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"त्या तीन दिवसांत मी संपलो होतो गं," हे म्हणाले. "रोज सकाळी उठून वाटायचं, आता ह्यापुढे काय करायचं? आणि तुला माहीत होतं सगळं. माहीत असून तू माझ्यासमोर चहा ठेवत होतीस."

"चुकलं माझं," एवढंच म्हटलं, आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, भर पायवाटेवर उभी राहून हुंदके देऊन रडले. समोरून दोन माणसं सायकलवरून येत होती, ती वळून बघायला लागली.

हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"हळू रड," हे म्हणाले. "मला ऐकू येतंय."